सगळे संगणक एकाच ठरावात बसवू नका

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व संचालक,
सांगली जिल्ह्यातील पतसंस्था, दूध संस्था, सार्वजनिक वाचनालये आणि शिक्षण संस्था यांस,

सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मासिक सभेत ‘संस्थेच्या संगणकांबाबत विचार करणे’ हा विषय येतो आणि तीनपैकी एका वाटेने निघून जातो. सर्व संगणकांवर विंडोज ११ टाकून घ्यावी, असा ठराव होतो. नाहीतर सर्व संगणक जुने झाल्याने नवीन खरेदीसाठी तीन कोटेशन मागवावीत, असा होतो. नाहीतर विषय पुढील सभेपुढे. हे तिन्ही ठराव मला पटत नाहीत, कारण तिन्हींत संस्थेतली सगळी यंत्रं एकाच दावणीला बांधलेली आहेत.

मी मिरजेत संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो. तुम्ही विंडोज टाकायचं ठरवलंत तर काम माझ्यासारख्याकडेच येणार. नवीन घेतलेत तर जोडणी करायला आम्हीच येणार. काहीच केलं नाहीत तर व्हायरस काढायलाही आम्हालाच बोलवाल. तेव्हा अमुक एका ठरावात माझा स्वार्थ आहे असं मनात आणू नका. स्वार्थ तिन्हींत आहे.

त्या तारखेला एकही संगणक बंद पडला नाही. तुमची विंडोज १० आजही चालू होते, उद्याही होईल. थांबल्या त्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते, मायक्रोसॉफ्ट या दुरुस्त्या बाहेर सोडते. त्या आल्या की त्या उलगडून, सुरक्षेतलं कोणतं भोक बुजवलंय ते पाहणारे लोकही कामाला लागतात. विंडोज १० आणि ११ चा बराचसा गाभा सारखा आहे. त्यामुळे ११ मध्ये बुजवलेलं भोक १० मध्ये उघडंच राहिलं असण्याची शक्यता मोठी, आणि ते कुठे आहे याचा पत्ता त्या दुरुस्तीतूनच मिळतो. धोका एका रात्रीत आला नाही, तो महिन्यागणिक साचत चाललाय. म्हणून ‘अजून तर काही झालं नाही’ हे सचिवांचं म्हणणं खरं असूनही उपयोगाचं नाही.

पण एक गोष्ट सभेत कुणी बोलत नाही. आपल्याकडच्या कितीतरी कार्यालयांत अपडेट त्या तारखेच्या कितीतरी आधीपासून बंद करून ठेवलेत. ‘नेट संपतंय, सकाळी गिऱ्हाईक उभं असताना ते गोल फिरत बसतं, तेवढं बंद करून द्या’ अशी विनंती असते आणि आमच्यातलाच कुणीतरी ते बंद करून देतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला. तो ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये आलेली होती. सापडलेल्या यंत्रांत मोठा वाटा विंडोज ७ चा होता, आणि विंडोज ७ चा सपोर्ट तेव्हा चालू होता. तो जानेवारी २०२० मध्ये संपला. तेव्हा ज्या संस्थेने विंडोज ११ वर खर्च करायचा आणि अपडेट पुन्हा बंदच ठेवायचं, तिने तो खर्च न केलेला बरा.

आता कोणती यंत्रं विंडोज ११ घेऊ शकतात ते. इथे सांगलीची गोष्ट थोडी वेगळी आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात टेबलाखाली ठेवलेले सीपीयू आधी गेले. त्यानंतरच्या महिन्यांत ज्या संस्थांनी दुकानातून कोरे संगणक घेतले, त्यांच्या वाट्याला बहुतेक करून इंटेलच्या आठव्या-नवव्या पिढीचे आय३ आले. ज्यांना पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी वापरून बाजूला काढलेले संगणक मदत म्हणून दिले, त्यांच्याकडे चौथ्या ते सहाव्या पिढीचे आय५ आले. मदतीतली ती यंत्रं दणकट होती, कामालाही कमी नव्हती. पण विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे आज चित्र उलटं दिसतं. गरिबीत घेतलेला आय३ आत, आणि मोठ्या कंपनीतून आलेला आय५ बाहेर.

पिढी ओळखणं अवघड नाही. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून सिस्टिम उघडा, प्रोसेसरचं नाव दिसेल. आय५-६५०० म्हणजे सहावी पिढी, आय३-८१०० म्हणजे आठवी, आय३-१०१०० म्हणजे दहावी. एएमडीचं नाव असेल तर अंदाज न करता मायक्रोसॉफ्टच्या यादीत शोधा. त्यापेक्षा सोपं म्हणजे ‘पीसी हेल्थ चेक’ हा मायक्रोसॉफ्टचाच फुकटचा प्रोग्रॅम चालवून बघा. विंडोज ११ ला टीपीएम, म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय, यंत्रात लागते. तो प्रोग्रॅम ‘टीपीएम नाही’ म्हणाला तर मात्र लगेच निराश होऊ नका. पुष्कळ मदरबोर्डांवर टीपीएम असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलमध्ये ते पीटीटी या नावाखाली सापडतं, एएमडीत एफटीपीएम. एका पतसंस्थेला एका विक्रेत्याने याच कारणावरून पाच नवीन यंत्रांचं कोटेशन दिलेलं मी पाहिलंय. पाचही यंत्रं नवव्या पिढीची होती. बायोसमधली एक ओळ बदलायची होती.

यंत्र सुरू होण्याच्या जुन्या पद्धतीवर, म्हणजे लेगसी बूटवर, विंडोज टाकलेली असेल, तर विंडोज ११ साठी डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या प्रकारावरून जीपीटी या नव्या प्रकारावर न्यावी लागते. डेटा न उडवता ते होतं. तरीही बॅकअपशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका, मलासुद्धा.

‘संगणक स्लो झालाय, नवी विंडोज टाका’ हे वाक्य मी रोज ऐकतो. स्लो असण्याचं कारण दहातल्या आठ वेळा जुनी फिरती हार्ड डिस्क असते. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकली आणि रॅम ४ जीबीची ८ केली, की तोच चौथ्या पिढीचा आय५ विंडोज १० वर सुद्धा पळायला लागतो. विंडोज ११ च्या कागदावर किमान ४ जीबी रॅम लिहिलीय, पण ४ जीबीवर ती चालवणाऱ्या क्लार्कचे हाल मला माहीत आहेत. रॅमचे आणि एसएसडीचे भाव चढलेत, तरी नव्या यंत्राच्या मानाने हा खर्च किरकोळच. फक्त यातून वेग मिळतो, सुरक्षा मिळत नाही. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि सभेत त्या एकत्र मांडल्या जातात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की यंत्राचं वय बघून ठरवू नका. त्या यंत्रावर कोणतं काम चालतं आणि ते नेटला जोडलेलं आहे का, हे बघून एकेका यंत्राचा निर्णय करा.

पतसंस्थेचं काउंटर घ्या. सभासदाचा आधार, पॅन, सही, ठेवी, सगळं तिथे. दुसऱ्या खिडकीत बँकेची साइट उघडून आरटीजीएस होतं. अशा यंत्रावर सपोर्ट संपलेली विंडोज एक दिवसही नको. यंत्र बसत असेल तर विंडोज ११ टाका, अस्सल विंडोज १० असेल तर तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. बसत नसेल तर तेवढीच दोन-तीन यंत्रं नवी घ्या, सगळी शाखा बदलू नका. त्याआधी सॉफ्टवेअर कंपनीकडून लेखी घ्या, की त्यांची कोणती आवृत्ती विंडोज ११ वर चालते. पासबुक प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन, या तिन्हींचे ड्रायव्हर मिळतात का ते एका काउंटरवर आधी चालवून बघा. अडचण विंडोजची कमी आणि पासबुक प्रिंटरची जास्त निघते, असा माझा अनुभव आहे.

आता दूध संस्था. इथे माझा सल्ला ऐकून काही संचालकांना धक्का बसेल. संकलनाच्या टेबलावरचा तो पिवळा पडलेला संगणक बघा. त्याला मागून सिरियल पोर्टने वजनकाटा आणि फॅटचं मशीन जोडलेलं असतं, बाजूला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पावती काढतो. सकाळ-संध्याकाळ दोन वेळा रांग लागते आणि दहा दिवसांनी बिल निघतं. त्यावरचा प्रोग्रॅम कधीतरी फॉक्सप्रो या डॉसच्या काळातल्या भाषेत लिहिलेला, लिहिणारा माणूस आता पुण्याला, फोन उचलत नाही. ते यंत्र ३२ बिटी विंडोजवर चालतं आणि तसंच चालायला हवं. कारण डॉसच्या काळातले १६ बिटी प्रोग्रॅम ६४ बिटी विंडोजवर उघडतच नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटी येते. उत्साहाच्या भरात कुणी तिथे नवी विंडोज मारली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता किटल्या घेऊन उभ्या असलेल्या लोकांना वहीत लिहून दूध घ्यावं लागेल.

ते यंत्र आहे तसं ठेवा, पण नेटपासून तोडा. वायर काढा, वायफायची काडी काढा, मोबाइलचं हॉटस्पॉट त्याला देऊ नका. नेटच नसेल तर सपोर्ट संपल्याच्या तारखेने त्याचं फारसं बिघडत नाही. मग धोका उरतो पेन ड्राइव्हचा. त्या यंत्रासाठी एक पेन ड्राइव्ह ठरवून द्या, त्यावर लाल पट्टी चिकटवा. सचिवांच्या मुलाच्या गाण्यांचा पेन ड्राइव्ह त्यात जाणार नाही, हे शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना सांगा. डिस्कची हुबेहूब नक्कल काढून कपाटात ठेवा. आणि ते यंत्र जिवंत आहे तोवरच उत्पादकांची खाती, जुनी बिलं, सगळं एक्सेलला काढून घ्या. ते एक दिवस जाणार आहेच. नवा प्रोग्रॅम घ्यायचा विचार यंत्र गेल्यावर सुरू केलात, तर विक्रेता सांगेल तो भाव द्यावा लागेल.

शाळांच्या लॅबचा प्रश्न तुलनेने सोपा आहे, तरी वाद सगळ्यात जास्त तिथेच होतो. देणगीतले चौथ्या-सहाव्या पिढीचे संगणक विंडोज ११ घेत नाहीत म्हणून ते भंगारात काढायची भाषा ऐकली. कशासाठी? त्यांवर लिनक्स टाका, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मुक्त प्रणाली. लिनक्स मिंटच्या २२ या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत आणि परवान्याचा पैसा लागत नाही. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालल्यात. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनेही बॉस नावाची लिनक्स काढलेली आहे. पालक म्हणतात, मुलांना बाहेर विंडोजच लागणार. सहावीतल्या मुलाला बाहेर काय लागेल, हे आत्ता कुणालाच सांगता येणार नाही. पण इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी टाइप करायला तो शिकला, तर तो कळफलक विंडोजवर आणि लिनक्सवर अगदी तोच आहे.

मात्र लिनक्सची हौस असलेला एक तरी शिक्षक शाळेत नसेल, तर तिच्या वाटेला जाऊ नका. पहिला प्रिंटर अडला की लॅबला कुलूप लागेल. आणि शाळेच्या ऑफिसचं यंत्र विंडोजवरच राहू द्या. यूडायस प्लस ब्राउझरमध्ये कुठेही उघडेल, पण निकालपत्रकांच्या ज्या एक्सेल फाइल शिक्षकांमध्ये फिरतात, त्यांतले मॅक्रो, म्हणजे आपोआप हिशेब करणाऱ्या आज्ञा, लिनक्सवरच्या लिबरऑफिसमध्ये धड चालतील याची खात्री नाही. निकालाच्या आदल्या दिवशी ते कळणं बरं नव्हे.

वाचनालयांना वेगळं सांगायचंय. तुमच्याकडची ग्रंथांची यादी, इतिवृत्तं, वर्गणीदारांची पत्रं ही युनिकोड येण्याआधीच्या मराठी फॉन्टात टाइप केलेली असण्याची दाट शक्यता आहे. त्या फाइलीत खरं तर मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांचे नि खुणांचे आकडे असतात आणि तो ठरावीक फॉन्ट त्यांवर मराठीचं रूप चढवतो. फॉन्ट गेला की समोर निव्वळ कचरा दिसतो. काही ठिकाणी त्या फॉन्टांचं सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे यंत्राला खोचायच्या किल्लीवर, चालतं आणि डोंगलचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर बसत नाही. म्हणून जुनी विंडोज जिवंत असतानाच सगळ्या फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलणारे प्रोग्रॅम आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात. माणसाला बसून वाचावं लागतं. हजारो पुस्तकांच्या यादीला उन्हाळ्याची सुट्टी जाईल. हे काम झाल्याशिवाय विंडोज ११ चा विषय विषयपत्रिकेवर घेऊच नका. एकदा यादी युनिकोडमध्ये आली, की ती एनआयसीच्या ई-ग्रंथालय या सॉफ्टवेअरमध्ये न्या, कोहा या वाचनालयांच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये न्या, नाहीतर साध्या एक्सेलमध्ये ठेवा. मग खालची विंडोज कोणती, याला महत्त्व उरत नाही.

‘यंत्र बसत नसलं तरी तपासणी बायपास करून ११ टाकून देतो’ असं सांगणारे आमच्यात पुष्कळ आहेत. टाकता येते, खोटं नाही. पण अशा यंत्राला दुरुस्त्या मिळण्याचा हक्क नाही, असं मायक्रोसॉफ्टने स्पष्ट म्हटलंय, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती त्यावर आपोआप येत नाही. २०२४ ची २४एच२ आवृत्ती तर कोअर टू ड्युओसारख्या फार जुन्या प्रोसेसरवर सुरूच होत नाही, तिथे बायपासचाही इलाज नाही. घरी स्वतःच्या यंत्रावर हौस म्हणून करा. सभासदांच्या पैशाच्या यंत्रावर नको.

दुसरी पळवाट पैसे भरून दुरुस्त्या चालू ठेवण्याची, ईएसयू नावाची. घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे आणि सेटिंगचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवला तर फुकटही मिळते. पण संस्थेचा संगणक घरगुती नव्हे. संस्थांना यंत्रामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षापर्यंत. दुसऱ्या वर्षी सामील झालात तरी पहिल्याचे भरावे लागतात. तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर, त्यात नवं यंत्र येतं. सॉफ्टवेअर कंपनी ‘सहा महिन्यांत नवी आवृत्ती देतो’ म्हणत असेल, तर एका वर्षापुरतं हे शहाणपणाचं ठरेल, एरवी नाही. शैक्षणिक संस्थांना मात्र तेच १, २ आणि ४ डॉलरला आहे, तिन्ही वर्षांचे मिळून ७. शाळेच्या ऑफिसातलं जुनं यंत्र त्यावर खुशाल चालवा. हा सवलतीचा दर शैक्षणिक परवान्यातून मिळतो, तेव्हा अधिकृत विक्रेत्यालाच विचारा.

आणि हे सगळं अस्सल विंडोज धरून चाललंय. तुमच्याकडच्या यंत्रांत अ‍ॅक्टिव्हेटर मारलेली, म्हणजे चोरीची विंडोज अस्सल भासवणारा प्रोग्रॅम चालवलेली, किती आहेत, हे बिल तपासल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही. बिलात संगणकाची किंमत आहे आणि विंडोजची ओळच नाही, तर काय ते समजा. असले अ‍ॅक्टिव्हेटर बहुतेक वेळा अँटिव्हायरस बंद करूनच चालवतात. अशा यंत्राला सपोर्ट आहे की नाही, ही चर्चाच फिजूल.

शेवटी जी यंत्रं खरंच काढायची ठरतील, त्यांच्या निर्लेखनाच्या ठरावात एक वाक्य घाला: हार्ड डिस्क काढून संस्थेच्या ताब्यात ठेवली किंवा भोक पाडून निकामी केली. डेड स्टॉक रजिस्टरला नोंद होते, भंगारवाला किलोवर घेऊन जातो, आणि हजारो सभासदांच्या आधारच्या नकला त्याच्याबरोबर जातात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही आले. त्यांप्रमाणे ती माहिती जपण्याची जबाबदारी संस्थेवर येते, भंगारवाल्यावर नाही.

तर पुढच्या सभेत ठराव करण्याऐवजी एक वही पुढे घ्या. प्रत्येक यंत्रापुढे प्रोसेसर, रॅम, त्यावरचं काम, नेट आहे की नाही, विंडोजचं बिल आहे की नाही, आणि त्याला जोडलेली मशीनं एवढं लिहा. व्यवस्थापक एका दुपारी करतील. त्या वहीवरून निम्म्या यंत्रांचा निर्णय आपोआप होईल. उरलेल्या निम्म्यांसाठी आम्हाला बोलवा, पण वही हातात घेऊन बोलवा, म्हणजे आमच्यापैकी कुणाला फेकता येणार नाही.

काम काढाल तेव्हा जुनी डिस्क पुसून तिच्यावरच नवी विंडोज टाकू देऊ नका. नव्या एसएसडीवर टाका आणि जुनी डिस्क जशीच्या तशी तीन महिने कपाटात ठेवा. विंडोजची परत फिरण्याची सोय साधारण दहाच दिवस टिकते, कपाटातली डिस्क टिकते. मार्चअखेरीला यंत्रांना हात लावायचा नाही, हे तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मे बरे. जून उजाडला की नदीकाठच्या संस्थांना सीपीयू वरच्या मजल्यावर न्यायचं काम असतं, तेव्हा नव्याने जोडलेल्या वायरी पुन्हा कोण सोडवणार?

आपला,
मिरजेतील एक संगणक दुरुस्ती कारागीर